तीन नंबरच्या मशीनवरचा पंजा

काही घटना मुद्दाम आठवाव्या लागतात. ही मात्र आजही सकाळच्या चहाला आपण होऊन समोर येऊन बसते आणि विचारते, "काय साहेब, तेव्हा फार शहाणे होतात, नाही?" मी पेपर वर करून तोंड लपवतो.

चौतीस वर्षं पोलीस खात्यात काढली. आवाज असा, की येरवड्याला नेमणूक असताना मी ठाण्यातून हवालदाराला हाक मारली की तिकडे तुरुंगातले कैदी ओळीत उभे राहायचे. खोटं बोलणारा माणूस मी शंभर पावलांवरून नुसत्या वासानं ओळखतो, असं मी चारचौघांत सांगायचो. त्यावर आमच्या सौभाग्यवती आतून म्हणायच्या, "गेल्या वेळेस पन्नास पावलं होती." असो. नावं कुणाचीच सांगणार नाही. माणसं हयात आहेत आणि लग्नाकार्यात भेटतात.

निवृत्तीला दीडेक वर्ष उरलं होतं. वाघोलीच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्द अशी की चौदा मजली इमारतीच्या पायथ्याशी म्हशींचा गोठा, आणि गोठ्याच्या मालकाची गाडी इमारतीतल्या कुणाही साहेबापेक्षा मोठी. सकाळी हजेरी झाली की अर्जांचा गठ्ठा माझ्या टेबलावर यायचा. पार्किंग, कुत्रं, लाउडस्पीकर, पुन्हा पार्किंग. जानेवारीतल्या अशाच एका सकाळी एक कारखानदार स्वतः अर्ज घेऊन आले.

पांढरे शुभ्र कपडे, कपाळाला गंध, बोटांत खड्यांच्या अंगठ्या. मूळचे गावचेच. जमिनीचा एक तुकडा बिल्डरला गेला, उरलेल्यावर त्यांनी शेड टाकली होती. शेडमध्ये पाच पॉवर प्रेस. पत्र्यावर टनांचा दाब देऊन गाड्यांचे सुटे भाग काढणारी ही मशीनं. दहाच्या आत कामगार.

"साहेब, चांगुलपणाला दिवस राहिले नाहीत," खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. "ज्याला पोटच्या पोरासारखं वागवलं, त्यानं माझ्यावर कामगार न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावलाय. म्हणतो, माझ्या प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अहो, बोटं गेली त्याच्या मेव्हण्याच्या गोठ्यात, कडबाकुट्टीत! आणि भरपाई मी द्यायची?"

कडबाकुट्टी म्हणजे जनावरांचा चारा बारीक करायचं यंत्र. त्याच्या पात्याला दयामाया नसते, हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

"पुरावा?" मी विचारलं.

त्यांनी मोबाइल पुढे केला. फोटो खंडेनवमीच्या सकाळचा होता. पाचही प्रेसना झेंडूचे हार, समोर नारळ, कामगार ओळीत उभे. त्या शेडमध्ये एक रीत होती. पूजेच्या दिवशी प्रत्येक कामगार तेलात कालवलेल्या कुंकवात उजवा हात बुडवून आपापल्या मशीनच्या खांबावर पंजा उमटवायचा. फोटोत तीन नंबरच्या मशीनशेजारी तो दावा लावणारा कामगार उभा होता. लाल झालेला पंजा कॅमेऱ्याकडे धरून हसत होता. पाचही बोटं शाबूत.

"तो म्हणतो अपघात याच दिवशी झाला. आता तुम्हीच सांगा साहेब, खंडेनवमीला पूजलेलं मशीन कुणी चालवतं का? आम्ही त्या दिवशी घरातली सुरीसुद्धा उचलत नाही. बारा वाजता प्रसाद घेऊन सगळे घरी गेले."

मुद्दा बिनतोड होता. पुण्यात तरी खंडेनवमीला हार घातलेलं यंत्र चालू झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या ठाण्यातही त्या दिवशी शस्त्रांची पूजा होते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गुन्हेगारसुद्धा आम्हाला सवलत देतात.

वर आमच्याच दप्तरातून एक कागद निघाला. रुग्णालयानं जखमीची खबर दिली, तेव्हा आमचा शिपाई जाऊन जबाब घेऊन आला होता. "मेव्हण्याच्या घरी कडबाकुट्टीत हात सापडला, कुणाविरुद्ध तक्रार नाही." खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. डॉक्टरांच्या कागदावरही तीच हकिगत.

मला तर वास आलाच. शंभर नाही, दोनशे पावलांवरून आला. मी त्या कामगाराला बोलावणं धाडलं.

तो बायकोसोबत आला. तिशीतला, अंगानं दणकट. उजव्या हातावर रुमाल गुंडाळलेला. बायकोला सातवा-आठवा महिना असावा. ती भिंतीशी बाकावर बसली आणि पूर्ण वेळ फरशीकडे बघत राहिली. असं बघणं म्हणजे काहीतरी लपवणं, अशी माझी पक्की समजूत होती.

"हा अंगठा कुणाचा?" मी जबाबाचा कागद पुढे सरकवला.

"माजाच हाय साहेब."

"कडबाकुट्टी कुणी सांगितली?"

"सुपरवायझर म्हनले, तसं सांग. कारखान्याचं नाव आलं तर सरकार सील ठोकंल, समद्यांच्या पोटावर पाय यील. मालक तुजं समदं बगतील. त्येंनीच दवाखान्यात नेलं मला."

"म्हणजे तुम्ही पोलिसांना खोटं सांगितलं."

त्यानं डाव्या हातानं रुमाल आवळला.

"तेव्हा खोटं सांगितलंत, तर आज खरं सांगताय हे मी कशावरून धरू?"

"साहेब, मी नगं म्हनलो व्हतो. पाचाला मालाची गाडी येनार व्हती. मालकांनी दुपारी परत बोलावलं. म्हनले, हार काढून ठेव, पाया पड आन् दोन तास चालव. मी पाया पडलो बी."

"पाया पडलात!" मी असा गरजलो, की बाहेर ठाणे अंमलदाराच्या चहाला लाटा आल्या. "खंडेनवमीचं मशीन चालवलंत, आणि बघायला कोणी नाही. मालक नाही म्हणतात, सुपरवायझर नाही म्हणतो. कॅमेरे?"

"हायेत की. पन दिसत न्हाय म्हनत्यात."

कॅमेऱ्यांवर महिनाभरापलीकडचं काही राहत नव्हतं. मधे तीन महिने गेले होते. मोबाइलच्या नोंदीही उपयोगाच्या नव्हत्या. शेड आणि मेव्हण्याचा गोठा एकाच टॉवरखाली. सुपरवायझरला बोलावलं. मालकाच्या नात्यातला, चुरूचुरू बोलणारा. म्हणाला, "मेव्हण्याचा फोन आला, माणुसकी म्हणून गाडी काढली." मेव्हण्याला विचारलं, तर तो शपथेवर म्हणाला, "माज्या हितं कायबी झालेलं न्हाय." पण गोठ्यात जाऊन पाहतो तो कडबाकुट्टीचं पातं कोरं करकरीत!

"हे कधी बदललं?"

"दिवाळीच्या टायमाला. दरसाल बदलतो. नवा कडबा येतो नव्हं?"

दरसाल म्हणे. मला आता वास नाही, दर्प यायला लागला होता. जेवणाच्या सुट्टीत मी अहवालाचा मसुदा केला. दावा बनावट, अर्जात तथ्य, कामगाराविरुद्ध फसवणुकीची कारवाई प्रस्तावित. तो कागद वर गेला असता तर भरपाई बुडाली असतीच, शिवाय बाळंतपणाच्या तोंडावर तो माणूस कोठडीत गेला असता. हे मला कळत होतं. कळूनही माझी झोप बिघडली नव्हती, हे सांगायला आज लाज वाटते.

सही बाकी होती. रीत म्हणून जागेची पाहणी करायची राहिली होती. म्हणून मी, दोन पंच आणि आमच्या हवालदार बाई असे शेडवर गेलो.

या बाईंबद्दल सांगायला हवं. बोलणं मोजकं, पण जे बोलतील त्यानं कपाळाला आठी पडावी. एकदा मी, भरधाव मोटारसायकलवरचा चोर धावत जाऊन पकडला, हा किस्सा सांगत होतो. त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, त्यात पेट्रोल होतं का?" त्यांचे वडील भोसरीला एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर कामाला होते.

शेड स्वच्छ होती. मालक पुढे, सुपरवायझर मागे. चार मशीनं धडाधड चालू, तीन नंबरचं बंद.

"दसऱ्यापासून त्याला ऑर्डरच नाही," मालक म्हणाले.

मी मशीनभोवती फिरलो, कमरेवर हात ठेवले, छताकडे पाहिलं. पाहणी म्हणजे एवढंच, असा माझा अनुभव होता. पंचनाम्याला सुरुवात करणार, तोच हवालदार बाई कानाशी येऊन म्हणाल्या, "सर, बाकीच्या चार खांबांवर किती पंजे आहेत ते बघा."

बघितलं. एकावर एक, पुसट होत गेलेले, तेलानं काळवंडलेले बरेच पंजे. दरवर्षीचा एक. कुणाचा थोडा वर, कुणाचा तिरका.

"आता तीन नंबर बघा."

तीन नंबरवर एकच पंजा. लालभडक.

"खंडेनवमीचं कुंकू कुणी पुसत नाही, सर. माझ्या वडिलांच्या लेथवर मालक बदलले तरी जुनं कुंकू तसंच होतं. ते आपलं आपण झिजतं. मग इथलंच मागच्या वर्षांचं कुठे गेलं?"

मी मालकांनी दिलेला फोटो मोबाइलवर उघडला आणि बोटांनी मोठा केला. फोटोत तीन नंबरच्या खांबावरही जुन्या पंजांची रांग होती. तिच्यावर, खांद्याच्या उंचीला, ताजा रुंद पंजा. आणि समोर? समोर छातीच्या उंचीला एक आटोपशीर पंजा, बाकी खांब धुतल्यासारखा. मालकांनी स्वतःच्या हातानं आणून दिलेला पुरावा तीन आठवडे माझ्या खिशात होता. मी त्यात फक्त त्या बिचाऱ्याची पाच बोटं मोजत बसलो होतो.

(बऱ्याच ठिकाणी हा किस्सा सांगताना, हे मीच ओळखलं, असं सांगितलं आहे. छापून येणार म्हणून दुरुस्ती करतो.)

मी मशीनं बंद करायला लावली. कामगारांना गोळा केलं आणि म्हटलं, "हा पंजा कुणाचा? एकेकानं येऊन शेजारी हात धरा. टेकवू नका, नुसता धरा."

कोणी हललं नाही. सगळे त्या मशीनपासून चार हात लांब उभे होते. इतका वेळ माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की आम्ही आल्यापासून एकही माणूस तीन नंबरच्या जवळून गेला नव्हता. पत्र्याचे गठ्ठेसुद्धा वळसा घालून नेत होते.

त्यांच्यातला सगळ्यात जुना कामगार खाली बघत म्हणाला, "साहेब, त्येला आमी हात लावनार न्हाय. तवाबी लावला न्हाय."

"तेव्हा म्हणजे कधी?"

त्यानं मालकांकडे पाहिलं आणि तो मागे सरकला. मी पंजाजवळ डोळे नेले. तर्जनीच्या आणि अनामिकेच्या मुळाशी कुंकू उमटलेलंच नव्हतं. दोन कोऱ्या रेघा. प्रेसवर काम करणारा माणूस बोटात अंगठी घालत नाही. घातली तर बोटासकट जाते. त्या शेडमध्ये एकाही कामगाराच्या बोटात अंगठी नव्हती.

मी सावकाश वळलो.

"मालक, या. तुम्ही धरा बरं हात."

"मी? माझा काय संबंध?"

"नुसता धरा हो. पूजेचं आहे, पुण्यच लागेल."

ते पुढे आले आणि डावा हात उचलला.

"उजवा."

त्या शेडमध्ये तेव्हा अशी शांतता पसरली, की नगर रस्त्यावरचे ट्रकसुद्धा इंजिन बंद करून ऐकत होते. मालकांनी उजवा हात धरला. तर्जनीत पुष्कराज, अनामिकेत पोवळं. माप तेच, रेघा तिथल्या तिथे. मागे सुपरवायझर पत्र्याच्या गठ्ठ्यावर मटकन बसला.

"मालक, एवढी वर्षं कामगार पंजा लावतात. यंदा तुम्ही का लावलात?"

आणि इथे त्या माणसाच्या तोंडून जे निघालं, ते मी मारूनमुटकून कधीच काढू शकलो नसतो. ते अगदी मनापासून म्हणाले, "कुणी हात लावायलाच तयार होईना हो साहेब. धुतल्यावर मशीन तसंच बिनकुंकवाचं कसं ठेवायचं? लक्ष्मी आहे ती. अमावस्येला कोहळा फोडला आणि मग मीच…"

"धुतल्यावर," मी म्हणालो. "काय धुतल्यावर?"

उत्तर गठ्ठ्यावरून आलं. "मी नगं म्हनत व्हतो, दाजी," सुपरवायझर म्हणाला आणि रडायलाच लागला.

पुढचं सगळं त्यानंच सांगितलं. आम्ही ते पंचांसमक्ष लिहून घेतलं. त्या प्रेसला मुळात दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच दाब खाली यायचा, म्हणजे हात आत राहण्याचा प्रश्नच नाही. काम झपाट्यानं व्हावं म्हणून मालकांनी बटणं काढून पायाचं पॅडल बसवलं होतं. खंडेनवमीला दुपारी हार उतरवून मशीन चालवलं. गाडी येण्याच्या घाईत पत्रा सरळ करायला त्या कामगाराचा हात आत गेला आणि पाय पॅडलवर पडला. सुपरवायझरनं त्याला दवाखान्यात नेलं, डॉक्टरांच्या कागदावर स्वतःचं नाव 'नातेवाईक' म्हणून लिहून घ्यायला लावलं आणि कडबाकुट्टीची हकिगत सांगितली. मागे मालकांनी खांब वरपासून खालपर्यंत धुवून काढला. रक्ताबरोबर सगळ्या वर्षांचं कुंकूही गेलं. चार बोटांचं त्यांनी काही मनावर घेतलं नाही, पण मशीनचा खांब मोकळा दिसतो हे मात्र त्यांना बघवेना.

गुन्हा दाखल झाला, तो अर्ज घेऊन येणाऱ्यांवर. माझा मसुदा मी फाडला. फाडताना हवालदार बाई समोर होत्या. म्हणाल्या, "सर, बारीक तुकडे करा. मोठे वाचता येतात."

कामगाराला मी पुन्हा बोलावलं. या वेळी खुर्ची दिली आणि आवाज खाली ठेवला, म्हणजे फक्त पुढच्या चौकापर्यंत जाईल एवढाच. बायको पुन्हा बाकावर, पुन्हा फरशीकडे बघत. मी न राहवून विचारलं, "ताई, त्या दिवशीही तुम्ही वर पाहिलं नाहीत. का?"

ती म्हणाली, "तुमी वरडत व्हता. त्ये बी मान खाली घालत व्हते. त्येंची मान खाली गेलेली मला बगवत न्हवती."

चौतीस वर्षांत एवढी सरळ उलटतपासणी माझी कुठल्याच वकिलानं केली नाही.

आमचे कागद न्यायालयात गेले आणि पुढे यथावकाश भरपाईचा निकाल त्याच्या बाजूनं लागला. तो आता एका कॉलेजच्या फाटकावर नोकरी करतो. निवृत्तीच्या आधी मी ठाण्यात एक नवी सवय लावून गेलो. जखमीची खबर आली की पहिला प्रश्न, काय झालं हा नाही, तर याला आणलं कुणी आणि डॉक्टरांशी बोललं कोण, हा. दुखणारा माणूस कण्हत असतो. कागदावर हकिगत उमटते ती त्याच्या शेजारी उभा राहून बोलणाऱ्याची. मग तो माणूस महिनोन्‌महिने आपल्याच जबाबाविरुद्ध भांडत राहतो, आणि माझ्यासारखा एखादा शहाणा त्याला विचारतो, तुमचा अंगठा आहे ना हा?

निकालानंतर तो पेढे घेऊन घरी आला होता. जाताना दारात घुटमळला.

"साहेब, त्यो पूजेचा फोटो मिळंल का? माज्या मोबाइलमदला गेला."

"कशाला हो?"

"पोरगी झाली. तिनं माजा आख्खा हात बगितला न्हाय. त्यो शेवटचा पंजा हाय माजा, मशीनवरचा तर धुतला त्येंनी."

फोटो त्याला आम्ही रीतसर मिळवून दिला. पंजा खऱ्या हाताएवढा दिसेल, इतका मोठा करून त्यानं तो घरात लावला आहे. बारशाचं जेवण राहिलं होतं, म्हणून मी आणि हवालदार बाई मागाहून गेलो, तेव्हा ती पोर आईच्या कडेवरून वाकून त्या लाल पंजावर आपला हात टेकवत होती. टेकवायची, मग बापाच्या रुमालाकडे बघायची, परत टेकवायची.

हे मात्र मी एका शब्दानंही वाढवून सांगत नाही. शंका असेल तर हवालदार बाईंना विचारा. त्यांनी माझी बाजू घेतलेली ही एकमेव हकिगत आहे.